रागमाला : नावांच्या यादीपलीकडे

रागमाला चित्रांविषयी मराठीत जेव्हा लिहिले-बोलले जाते तेव्हा दोन वाक्ये हटकून भेटतात. एक, ही चित्रे म्हणजे डोळ्यांनी ऐकायचे संगीत. दुसरे, ही चित्रे म्हणजे आपल्या संमिश्र संस्कृतीचा पुरावा. दोन्ही ऐकायला गोड आहेत आणि दोन्हींमुळे चित्राकडे पाहण्याची गरजच उरत नाही. पहिले वाक्य लिहिणाऱ्याला चित्रात काय आहे हे सांगावे लागत नाही. दुसरे लिहिणाऱ्याला चितारी मुसलमान होता एवढे सांगितले की पुरते. आपल्या मुस्लिम मराठी व्यासपीठांवर दुसऱ्या वाक्याला टाळ्या पडतात. त्या टाळ्यांचे कारण आम्हाला कळते. ज्याला वारंवार 'तू इथला कसा?' असे विचारले जाते तो खिशात कागदपत्रे बाळगतोच. पण कागदपत्र म्हणून खिशात ठेवलेल्या चित्राची घडी मोडते, रंग उडतात आणि शेवटी चौकीवर दाखवण्यापलीकडे त्याचा काही उपयोग राहत नाही.

म्हणून आधी चित्रेच पाहू.

रागमाला म्हणजे रागांच्या चित्रांचा संच. राजस्थानी कलमांत जास्त चाललेल्या पद्धतीत भैरव, मालकंस, हिंदोल, दीपक, मेघ आणि श्री असे सहा राग धरतात. प्रत्येकाच्या पाच रागिणी म्हणजे बायका. मिळून छत्तीस चित्रे. रीवा दरबारच्या क्षेमकर्णाने १५७० मध्ये संस्कृतात जी 'रागमाला' लिहिली तिच्यात या कुटुंबात मुलगेही आले आणि संख्या ऐंशीच्या वर गेली. पहाडी चित्रकारांनी हा मोठा गोतावळा पत्करला. प्रत्येक राग-रागिणीला एक ध्यान असते, म्हणजे तिचे रूप सांगणाऱ्या दोन-चार ओळी. चित्र त्या ओळींवरून काढलेले असते. तोडी ही रानात वीणा घेऊन उभी असलेली स्त्री, तिच्याभोवती हरणे. आसावरी सापांच्या सोबतीत बसलेली. हिंदोल झोपाळ्यावर. ललितमध्ये पहाटे नायक निघून चालला आहे आणि नायिका झोपलेली आहे. रामकलीत रुसलेल्या स्त्रीच्या पायाशी पुरुष वाकलेला. बिलावलात एक स्त्री आरशात पाहून कानात दागिना घालते आहे.

आता यात सूर कुठे आहेत? तोडी गाणाऱ्याला हरणे दिसत नाहीत आणि हरणे पाहून कोणाला तोडी ओळखता येत नाही. एवढेच नव्हे, संगीताचे अभ्यासक सांगतात की आज आपण जिला तोडी म्हणतो तिचे स्वर आणि चारशे वर्षांपूर्वीच्या तोडीचे स्वर एक नाहीत. स्वर बदलले, हरणे मात्र होती तिथेच चरत राहिली. काही संचांत तर नावांची अदलाबदल झालेली आहे. एका संचात जे चित्र एका रागिणीचे, तेच दुसऱ्या संचात दुसरीच्या नावावर. चित्र जर खरोखर सुरांचे असते तर ही गफलत पचली नसती.

संगीतवाल्यांनी हे कुटुंब केव्हाच मोडीत काढले. पाटण्याच्या मुहम्मद रझा यांनी १८१३ मध्ये 'नग़मात-ए-आसफ़ी' या फारसी ग्रंथात राग-रागिणीच्या जुन्या मांडणीवर बोट ठेवले : बाप एका वळणाचा आणि पोरे दुसऱ्याच वळणाची, मग ही सोयरीक कसली? पुढे पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी रागांची व्यवस्था दहा थाटांत लावली आणि नवरा-बायको-मुले हा प्रपंच गुंडाळून ठेवला. त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' १९१० पासून प्रसिद्ध होऊ लागली ती मराठीत, हे आपल्याकडे फारसे आठवणीत नाही. म्हणजे ज्या शास्त्राच्या आधारावर ही चित्रे उभी होती ते शास्त्र गेले आणि चित्रे उभीच राहिली. आमच्या मते रागमालेविषयी विचार येथून सुरू व्हायला हवा. ही सुरांची चित्रे नाहीत. ही शब्दांची चित्रे आहेत, आणि ते शब्द बहुधा चितारीच्या घरातले नव्हते.

आम्ही हे शिरपूर जैनहून लिहीत आहोत. वाशीम जिल्ह्यातले हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभर माहीत आहे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा. आमच्या गावातून रागमालेकडे जाणारी एक वाट आहे, ती सरळ आहे. रागांची आजवर सापडलेली सर्वांत जुनी चित्रे एका जैन पोथीत आहेत. अहमदाबादच्या देवसाना पाडा भांडारातील कल्पसूत्राची ही प्रत सुमारे १४७५ ची मानतात. मधे धर्मग्रंथाचा मजकूर आणि हाशियात एकेक राग एकेका आकृतीच्या रूपात उभा. अजून प्रसंग नाही, रान नाही, महाल नाही. नुसती उभी माणसे. साराभाई नवाब यांनी १९५६ मध्ये ही चित्रे प्रसिद्ध केली. याच पोथीच्या हाशियांत इराणी धाटणीची माणसेही वावरताना दिसतात. तेव्हा गुजरातेत सुलतानांचे राज्य होते, बंदरावर इराणी माल उतरत होता आणि जैन व्यापारी पोथ्या लिहवून घेत होते. चितारीने जे पाहिले ते हाशियात उतरवले. कोणी कोणाला सामावून घेतल्याचा गाजावाजा त्यात नाही.

दुसरी वाट आमच्याच गावातल्या कुलपाची. मालकी कोणाची, पूजा कोणी कशी करायची, या वादात शिरपूरच्या मंदिराला १९८१ मध्ये कुलूप लागले ते सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२३ मध्ये निघाले. बेचाळीस वर्षे भाविकांनी झरोक्यातून दर्शन घेतले. वाद ज्यांचा त्यांचा. त्यात बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण ज्या गावात एक पिढी जन्मली, शिकली, लग्न होऊन बाहेर पडली आणि तिने एक मूर्ती झरोक्यापुरतीच पाहिली, त्या गावातल्या मास्तरला 'हे कोणाचे?' या प्रश्नाची एक बाजू आपोआप कळते. हा प्रश्न आधी सोडवायला बसले की पाहणे तहकूब होते.

रागमालेबाबत हा प्रश्न आम्हाला दोनदा ऐकावा लागला आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या वर्गात तोडीच्या चित्राची झेरॉक्स नेली होती. नाव सांगितले नाही, राग हा शब्दही उच्चारला नाही. काय दिसते ते सांगा म्हटले. एक पोरगा म्हणाला, "सर, हरन गाना सुन रा." मागच्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, "नई सर, वो हरन को दुख सुना री. गाना होता तो हसती ना." या एका वाक्यात तोडीवरची निम्मी टीका आली. ती स्त्री गाते आहे की बोलते आहे, हरणे सुरासाठी थांबली आहेत की सोबतीसाठी, हे चित्र मुद्दाम उघडे ठेवते. पण दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी बोलावून सांगितले, "मास्तर, हे आपलं नाही. पोरांना कशाला?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. तसवीर आणि मौसिकी यांबद्दल आपल्या आलिमांत मतभेद आहेत. तो फिक़्हचा प्रश्न, येथे आम्ही त्यात शिरत नाही. पुढे काही महिन्यांनी जिल्ह्याबाहेरच्या एका चित्रप्रदर्शनात एका सुशिक्षित गृहस्थांशी बोलणे झाले. आम्ही उर्दू शिकवतो हे कळल्यावर ते कौतुकाने म्हणाले, "अरे वा! हे तुमचं नाही, तरी तुम्ही इतका अभ्यास केलात!" दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांचे वाक्य एकच.

अशा वेळी जिभेवर नावे येतात. येऊ द्यावीत, पण नीट पाहून.

१५९१ मध्ये बनारसजवळच्या चुनार येथे एक रागमाला पुरी झाली. तिच्या फारसी पुष्पिकेत तीन चितारींची नावे आहेत : शेख हुसैन, शेख अली आणि शेख हातिम. हुमायूनबरोबर इराणहून आलेल्या मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद या उस्तादांचे आपण शागीर्द आहोत असे ते सांगतात. संचाचा संबंध बुंदीच्या हाडा राजपुतांशी जोडतात, कारण चुनारमध्ये ठरलेल्या मांडण्या बुंदी-कोट्याच्या चित्रांत पुढे जवळजवळ दोनशे वर्षे फिरत राहिल्या. १६०५ मध्ये मेवाडच्या चावंड येथे निसारुद्दीनने रागमाला रंगवली. चावंड ही राणा प्रतापाची अखेरची राजधानी; तो १५९७ मध्ये वारला होता आणि त्याचा मुलगा अमरसिंह मोगलांशी लढत होता. १६२८ मध्ये उदयपूरला साहिबदीनने रागमाला केली. याच साहिबदीनने पुढे जगतसिंहाच्या प्रसिद्ध रामायणाची चित्रे काढली. बिकानेरचे उस्ता घराणे, रुकनुद्दीनचा कारखाना, ही यादी लांबवता येते.

यादी वाचून दाखवली की सभागृहात समाधान पसरते. आम्हाला यादीत एक खोट दिसते. आपण निसारुद्दीनला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो. सांग बाबा, तू मुसलमान असून राण्यासाठी काम केलेस ना? हो. बस, उतर खाली. त्याने काम काय केले हे विचारायला वेळ नसतो. खरे तर १६०५ मधल्या चावंडला त्याला हा प्रश्न कोणी विचारला असेल असे त्याच्या चित्रांवरून वाटत नाही. तो 'असूनही' चित्र काढत नव्हता. तो त्या कामाचा माणूस होता आणि काम त्याच्याकडे आले होते. मेवाडचा झगडा मोगल बादशाहीशी होता. रंग घोटणाऱ्या माणसाच्या नावाशी नव्हता. 'असूनही' हा शब्द आपला आहे, आपल्या काळाचा आहे, आणि तो आपण त्याच्या तोंडी घालतो.

काम पाहिले तर निसारुद्दीन आणि साहिबदीन यांच्यात तेवीस वर्षांचे अंतर लख्ख दिसते. निसारुद्दीनची चित्रे थोडक्यात बोलतात. सपाट लाल, सपाट पिवळा, एक झाड, एक दालन, दोन माणसे. डोळे मोठे, हालचाल ठसक्याची. रिकामी जागा भरून काढण्याची त्याला घाई नाही. साहिबदीनकडे रेष मऊ होते, इमारतीला खोली येते, झाडावर पान न् पान येते. मोगल कलमाचा अभ्यास त्याच्या हातात मुरलेला आहे. आम्हाला विचाराल तर आम्ही निसारुद्दीनच्या बाजूचे. साहिबदीन मोठा चित्रकार, वादच नाही. रामायणात एका पानावर तीन-तीन प्रसंग तो खेळवतो. पण रागमालेला, जिथे एकच क्षण धरायचा असतो, निसारुद्दीनचा कंजूसपणा जास्त मानवतो. वाचकांचे मत निराळे असू शकते. निराळे असावे, म्हणजे आपण नावे मोजण्यातून निघून चित्रांवर भांडू लागलो असे होईल.

काम कसे चालायचे तेही लक्षात घ्यावे. उस्तादाने मांडणी ठरवली की तिचा चरबा, म्हणजे पारदर्शक कातड्यावर घेतलेला माग, कारखान्यात राही. त्यावर सुईने टोचून कोळशाची पूड झटकली की खाका कागदावर उतरे. मग पेवडीचा पिवळा, हिंगुळाचा लाल, लाजवर्दाचा निळा, जंगालाचा हिरवा. खारीच्या शेपटीच्या केसांचे कलम. आणि शेवटी कागद उलटा ठेवून अकीकाच्या घोट्याने घोटणे. बापाचा खाका मुलाकडे येई. नातवाला ध्यानाचा संस्कृत श्लोक वाचता येत असेलच असे नाही. वर ओळी लिहिणारा कातिब वेगळा, चित्र काढणारा वेगळा. म्हणूनच आम्ही रागमालेला तर्जुमा म्हणतो. शब्द एका घरचे, हात दुसऱ्या घरचा, आणि मधे पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली सवय. चांगल्या तर्जुम्यात मूळ मजकुरात नसलेली एक गोष्ट शिरते. तोडीच्या ध्यानात हरणे असतात. पण एक हरीण मान वळवून मागे बघते, हे श्लोकात शोधून सापडायचे नाही. ते खाक्यात कोणीतरी घातले.

आता आपल्या दख्खनकडे येऊ, कारण आमच्या दृष्टीने रागमालेची सर्वांत सुंदर पाने येथली आहेत.

सोळाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत दख्खनच्या कुठल्याशा दरबारी रागांची काही मोठी चित्रे झाली. हिंदोल, श्री, गौरी, पटहंसिका अशी थोडीच पाने उरली आहेत. वर पट्टीत नागरी लिपीत संस्कृत ओळी, खाली झगझगीत सोनेरी आणि दाट रंग, स्त्रियांची वस्त्रे आणि वेण्या स्पष्ट दक्षिणी, झाडे इराणी बागेतून आल्यासारखी. ही अहमदनगरची की विजापूरची यावर विद्वानांचे एकमत नाही. हर्मन गोएट्झ यांनी अहमदनगरकडे बोट दाखवले. मार्क झेब्रोस्की यांनी १९८३ च्या ग्रंथात उत्तर दख्खन एवढेच सावधपणे म्हटले. काही पाने पुढे बिकानेरच्या राजसंग्रहात गेली. दख्खनच्या मोहिमांवर आलेल्या तिथल्या राजांनी येथून बरेच काही नेले. वऱ्हाडच्या वाचकाने दोन सनावळ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने एलिचपूरची इमादशाही बुडवून वऱ्हाड अहमदनगरला जोडला. १५९६ मध्ये तहात तो मोगलांकडे गेला. चित्रांचा काळ याच दोन सनांच्या मधला. ती अहमदनगरची असतील तर आमच्या परगण्यांचा सारा ज्या खजिन्यात पडत होता त्याच खजिन्यातून हा सोनेरी रंग विकत घेतला गेला. दरबारी कलेचे कौतुक करताना ही बाजू मनात असू द्यावी. जोंधळा कोणी पिकवला हे ध्यानाच्या श्लोकात येत नाही.

अहमदनगरच्या बाजूने जो पुरावा दिला जातो तो पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ़-ए-हुसैनशाही' या फारसी काव्याची सचित्र प्रत आहे. कवी आफ़ताबी, विषय हुसेन निजामशहा पहिला आणि १५६५ ची तालिकोट्याची लढाई. मंडळाने १९८७ मध्ये ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांच्या संपादनाखाली ती प्रसिद्धही केली. त्यात एक चित्र असे आहे की एक स्त्री झाडाला स्पर्श करते आणि झाड बहरते. हा दोहदाचा जुना संस्कृत संकेत. फारसी काव्यात, निजामशाही कारखान्यात, तो असा सहज येऊन बसला आहे की त्या स्त्रीला उचलून रागमालेच्या पानावर ठेवले तर कोणी अडवणार नाही.

पण या प्रतीतली आमची ओढ दुसरीकडे आहे. हुसेनशहा १५६५ मध्येच वारला. मुलगा मुर्तजा लहान. बेगम खुंजा हुमायून हिने कारभार हाती घेतला. चित्रांत ती राजाशेजारी बसलेली होती, त्या काळच्या रिवाजात दुर्मीळ म्हणावी अशी. १५६९ मध्ये मुलाने तिला कैद केले आणि पुढे चित्रांमधली तिची आकृती पुसली गेली. राजा आहे, तक्त आहे, दासी आहेत. त्याच्या शेजारी रंगाचा डाग आहे. मूर्तिभंजन म्हटले की आपल्याकडे लगेच धर्म काढतात. येथे धर्म एक, घर एक, आई आणि मुलगा. पुसणाऱ्याला चित्राचा राग नव्हता. कारभार करणाऱ्या बाईचा होता.

हा डाग एकदा पाहिला की छत्तीस चित्रांकडे पाहण्याची नजर बदलते. राग नवरे, रागिणी बायका. राग तक्तावर बसतात, घोड्यावर बसतात, झोपाळ्यावर बसतात. रागिणी बहुतेक वाट पाहतात. कोणी अंगणात, कोणी रानात, कोणी शेजेवर. ज्या धन्यासाठी संच रंगवला जाई त्याला आपली वाट पाहिली जात आहे हे दृश्य पानापानांवर हवे होते, असे आम्हाला वाटते. शृंगाराच्या नावाखाली टीकाकार हे सहज ओलांडून जातात.

उर्दू शिकवणाऱ्याला येथे एक गोष्ट खटकते आणि मग उघडते. फारसीच्या वळणाने गेलेल्या उर्दू ग़ज़लेत हिज्र भोगणारा पुरुष असतो. रात्र त्याची, अश्रू त्याचे. रागमालेत हिज्र स्त्रीचा. मग हा दोन दुनियांचा फरक समजायचा काय? नाही, कारण मधे दख्खनी आहे. दख्खनी कवितेत स्त्री आपल्या तोंडाने विरह बोलते. सतराव्या शतकातल्या विजापूरच्या हाशमीने तर बायकांच्या बोलीत, बायकांच्या तोंडून गझला लिहिल्या. मुहम्मद कुली कुतुबशहाच्या कवितेत पाऊस आणि वसंत येतात ते रागांच्या चित्रात येतात तसे. आमच्या अभ्यासक्रमात वली औरंगाबादी १७०० मध्ये दिल्लीला जातो आणि त्याच्या पाठोपाठ आम्हीही दिल्लीला जातो. मागे राहिलेल्या दख्खनी बाईचे बोलणे ऐकायला कोणी थांबत नाही. तोडी, गौरी, ककुभ या तिच्या सख्ख्या बहिणी आहेत. दख्खनी कविता आणि रागमाला एका वर्गात, एका तासाला शिकवता आल्या असत्या, इतक्या जवळच्या आहेत.

हे मनात असले म्हणजे इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्याकडेही नीट पाहता येते. त्याची 'किताब-ए-नौरस' ही दख्खनी गीतांची पोथी रागवार लावलेली आहे. काही गीतांत रागालाच देह दिलेला आहे, म्हणजे ती एका अर्थी ध्यानेच. तो सरस्वतीला आणि गणपतीला मायबाप म्हणतो. फर्रुख हुसैनने त्याच्यासाठी सरस्वतीचे चित्र काढले. त्याच्या तंबोऱ्याचे नाव मोतीखान. भाषणात हे सगळे येते. येत नाही ते हे की तो हौशी, लहरी आणि फार श्रीमंत होता. १५९९ मध्ये त्याने गाण्यासाठी नौरसपूर नावाचे अख्खे नगर वसवायला घेतले आणि १६२४ मध्ये मलिक अंबरने ते उद्ध्वस्त केले. म्हणजे अहमदनगरच्या सरदाराने विजापूरचे. येथेही दोन धर्म शोधून सापडणार नाहीत. इब्राहीमला सर्वधर्मसमभावाचा फलक करून उभा केला की त्याच्या गीतांतला खरा विक्षिप्त, हत्तीवर आणि तंबोऱ्यावर सारखेच प्रेम करणारा माणूस हरवतो. आम्हाला फलकापेक्षा तो माणूस आवडतो.

उलट बाजूचेही एक वाक्य येथेच निकालात काढावे. औरंगजेबाच्या काळात संगीत गाडले गेले ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकापासून ऐकत आलो. त्याच्याच कारकिर्दीत, १६६६ च्या सुमारास, फकीरुल्लाहने ग्वाल्हेरच्या 'मानकुतूहल'वर आधारलेला 'राग दर्पण' फारसीत लिहिला. त्याआधी १६५० मध्ये औरंगाबादेत एका राजपूत सरदारासाठी 'रसमंजरी' रंगवली गेली होती. गाडलेल्या वस्तूवर इतके कागद कोणी खर्च करत नाही.

आता ज्या एका रागिणीसाठी आम्ही इतके लिहिले ती : धनाश्री. बहुतेक संचांत तिची मांडणी एकच आहे. प्रियकर दूर आहे. ती बसली आहे, जवळ सखी आहे, आणि ती त्याचे चित्र काढते आहे. हातात कलम, पुढे फळी. छत्तीस पानांत वीणा धरणाऱ्या आहेत, फुले धरणाऱ्या आहेत, मोराला भरवणाऱ्या आहेत. कलम धरणारी बहुधा हीच. वाट पाहणे सगळ्यांच्या वाट्याला आले आहे, पण हिने त्या वाट पाहण्याचे काम केले. आणि येथे चितारीची मोठी अडचण झाली असणार. तो आजवर ज्या जागेवर बसत आला त्या जागेवर त्याला एका बाईला बसवायचे आहे. तिची बोटे कशी असावीत, कलम किती तिरके, मान किती वाकलेली, हे त्याला कोणत्याही श्लोकाने सांगायची गरज नव्हती. ते त्याला स्वतःच्या पाठीवरून माहीत होते. म्हणून साध्या हाताच्या संचातही धनाश्रीचा बसण्याचा बाज खरा वाटतो. ध्यानाचे शब्द एका परंपरेचे, खाका उस्तादाचा, सोने धन्याचे. पाठीचा बाक मात्र चितारीचा स्वतःचा. निसारुद्दीन 'कोणाचा' याचे उत्तर नावात नसून या बाकात आहे, असे आम्हाला वाटते.

पुण्याच्या पोथीत एका बाईला चित्रातून पुसले, आणि तिच्या आगेमागे, याच मुलखात आणि उत्तरेत, चितारी एका बाईच्या हातात कलम देत होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आपल्या आजच्या वार्षिकांची अनुक्रमणिकाही डोळ्यांपुढे येते. त्यात बायकांची नावे किती, हे वाचकांनी मोजावे. तेथे नावे मोजायला आमची हरकत नाही.

वऱ्हाडचा एक धागा राहिला. अब्दुर्रहीम ख़ानेख़ानान, ज्याचे दोहे हिंदीच्या पुस्तकात असतात, त्याने आयुष्यातली बरीच वर्षे दख्खनच्या मोहिमेत, बऱ्हाणपूरच्या ठाण्यावर काढली. त्याचा स्वतःचा चित्रकारखाना होता. त्या कारखान्याच्या हातची म्हणून ओळखली जाणारी रागमालेची अठरा पाने एका मुरक्क्यात आहेत. आम्ही त्यांची छापील चित्रे पाहिली आहेत. शाही कारखान्याचा मुलायमपणा त्यांत नाही. रंग थोडके, रेष घाईची, छावणीत चित्रे काढली तर अशी होतील असे वाटावे. आमच्या गावापासून बऱ्हाणपूर मेहकर-खामगाव-मलकापूरच्या रस्त्याने एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. तो मुरक्का आर्चबिशप लॉड यांनी १६४० मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाला दिला आणि तेव्हापासून तो तिथेच आहे.